अवघड जागेचा बोल्ट

'अवघड जागी दुखणे आणि जावई डॉक्टर' ही म्हण आपण सर्वांनीच कधी ना कधी हसत हसत वापरलेली असते. माझे जावई डॉक्टर नाहीत. कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत त्यांचा यंत्रांचे सुटे भाग बनविण्याचा लहानसा कारखाना आहे. दुखणेही माझ्या देहाचे नव्हते. सांगलीतील आमच्या अंगणात उभ्या असलेल्या बारा वर्षे जुन्या मोटारीचे होते. तरीही गेल्या हिवाळ्यात ही म्हण माझ्या बाबतीत खरी ठरली. त्यात हसण्यासारखे थोडे आणि विचार करण्यासारखे बरेच होते, म्हणून वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताला काळे लागले ते फक्त शाईचे. निवृत्तीनंतर वेळ मोकळा झाला आणि तरुणपणापासून मनात दडलेली यंत्रांची हौस वर आली. पान्यांचा एक संच घेतला. इंजिनाचे तेल बदलणे, एअर फिल्टर साफ करणे, स्पार्क प्लग तपासणे ही कामे घरच्या घरी होऊ लागली. दोन-तीन वर्षांत शेजारी 'जरा बघता का' म्हणून बोलावू लागले आणि मला, खरे सांगायचे तर, थोडा गर्वही झाला.

त्या शुक्रवारी सकाळी किल्ली फिरवली तर बॉनेटखालून 'टक्' असा एकच आवाज आला आणि पुढे शांतता. सोमवारी थोरल्या बहिणीला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेला न्यायचे होते. नेहमीचे मेकॅनिक गावाला गेलेले. मी बँकेतल्या सवयीने एकेक शक्यता तपासू लागलो. पूर्वी खतावणीचा ताळा जुळला नाही आणि फरकाच्या रकमेला ९ ने भाग गेला, की कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी असा आम्ही तर्क करीत असू. तसाच इथेही माग काढला. दिवे प्रखर लागत होते, बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट होता, तिची टोके स्वच्छ होती. म्हणजे दोष स्टार्टर मोटरमध्ये. ती काढून दुरुस्तीला न्यायची, एवढेच काम.

स्टार्टर मोटर गिअरबॉक्सच्या आवरणाला दोन बोल्टनी जोडलेली होती. बॅटरीची ऋण तार आधी सोडवली. कारण स्टार्टरच्या जाड तारेत सतत वीज असते आणि पाना चुकून दुसऱ्या धातूला टेकला तर ठिणग्या उडतात. पुढच्या बाजूने हात घालून खालचा बोल्ट पाच मिनिटांत निघाला. वरचा मात्र इंजिन आणि मागची पत्र्याची भिंत यांच्या सांदीत, हवा नेणाऱ्या नळ्यांच्या खाली बसलेला. चार बोटे आत जात, अंगठा बाहेर राही. हात घातला की नजर अडे आणि नजर पोहोचली की हाताला जागा उरत नसे. पाना फिरवायला तर जेमतेम दोन बोटांचे अंतर.

अशा जागेचे एक साधे गणित आहे. बोल्टचे डोके षटकोनी असते, म्हणून साध्या पान्याला नवी पकड घेण्यासाठी ६० अंश फिरावे लागते. फिक्स पान्याचे तोंड दांड्याशी १५ अंशांनी तिरके ठेवलेले असते. पाना दरवेळी पालथा करून लावला की ३० अंशांच्या हालचालीतही काम पुढे सरकते. बारा कोनांच्या रिंग पान्याला ३० अंश लागतात आणि ७२ दात्यांच्या रॅचेटला फक्त ५ अंश पुरतात. हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. माझ्या संचातला रॅचेट मात्र इतका जाड होता की तो त्या सांदीत शिरेचना. अखेर १४ मिलिमीटरचा फिक्स पाना कसाबसा डोक्यावर बसवला आणि दाब दिला. बोल्ट हलला नाही.

दुपार गेली. संयम सुटला की माणूस बळाकडे वळतो. मी पान्याच्या दांड्यावर एक लोखंडी नळी चढवली, लांबी वाढवली आणि सारे वजन टाकले. पाना बोल्टच्या कोपऱ्यांवरून निसटला आणि माझ्या बोटांची पेरे शेजारच्या पत्र्यावर आदळली. दोन बोटांची कातडी सोलून निघाली. तेवढ्यात सौ.ने हाक मारली. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी पाने वाढली जातात. बोल्ट निघाला नाही म्हणून सूर्य थांबत नाही. गंज सोडविणारे तेल त्या दिशेने फवारून मी हात धुतले आणि पाटावर बसलो.

बोटांकडे पाहून सौ. एवढेच म्हणाली, "जावयांना विचारा ना."

मी उत्तर दिले नाही. त्या न दिलेल्या उत्तरामागे सात वर्षे होती.

कन्येने जेव्हा या मुलाचे नाव घरात काढले, तेव्हा मी शाखाधिकारी होतो आणि घरातही शाखाधिकारीच होतो. मुलगा पदविकाधारक, पदवी नाही. भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथ यंत्रे आणि डोक्यावर कर्ज. मी त्याच्याकडे माणूस म्हणून पाहिलेच नाही, कर्जप्रकरण म्हणून पाहिले. पहिल्याच भेटीत, त्याच्या वडिलांच्या देखत, मी म्हणालो होतो, "तुमच्या ताळेबंदात मला तारण काही दिसत नाही." त्यानंतर आठ महिने 'पाहतो, विचार करतो' म्हणत ते प्रकरण प्रलंबित ठेवले. शेवटी मुलीच्या हट्टापुढे होकार दिला. लग्न थाटात झाले. जावई घरी येत, नमस्कार करीत, विचारले तेवढ्याचे उत्तर देत. सौ.ला ते 'आई' म्हणत. मला मात्र 'सर'. त्या एका शब्दातले अंतर मला कळत होते. पण ते अंतर मीच आखून दिले असल्यामुळे तक्रार करण्याची सोय नव्हती.

रात्री बोटे ठणकत होती. नऊच्या सुमारास मीच फोन उचलला. "जावईबापू, एक बोल्ट अडलाय. तुम्हाला सवड असेल तर..." वाक्य पुरे होण्याआधीच ते म्हणाले, "सकाळी येतो, सर. तोवर त्याला हात लावू नका, तेल मुरू दे."

शनिवार त्यांच्या कारखान्याच्या कामाचा दिवस. तरीही साडेआठला ते दारात होते. हातात कापडी पिशवी आणि दोन लोखंडी स्टँड. मोटार उचलून खाली ठेवण्यासाठी मी विटा काढून ठेवल्या होत्या. त्यांनी त्या न बोलता बाजूला केल्या आणि सौम्यपणे सांगितले, "वीट दाबाखाली अचानक फुटते, सर. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी जायचं नाही." मागच्या चाकांना लाकडी पाचर लावली, हँडब्रेक ओढला, गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवली आणि धक्का देऊन ती हलत नाही याची खात्री केली.

मग त्यांनी बराच वेळ कशालाच हात लावला नाही. विजेरी आणि दाढीचा लहान आरसा घेऊन ते वरून पाहत राहिले, नंतर गाडीखाली आडवे होऊन पाहत राहिले. "कोणत्या बाजूला फिरवत होता?" असे त्यांनी विचारले. मी हाताने दाखवले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "गंजलाय फार. वरून जागाच नाही त्याला. खालून रस्ता आहे."

मी त्या बोल्टपर्यंत जवळच्या वाटेने जात होतो आणि ती वाट बंद होती. त्यांनी लांबची वाट धरली. गॅरेजमध्ये ज्याला गोटी म्हणतात तो सहा कोनांचा सॉकेट घेतला. तो कोपऱ्यांऐवजी सपाट बाजूंना धरतो, त्यामुळे झिजलेल्या डोक्यावरही टिकतो. त्याला एक युनिव्हर्सल जॉइंट जोडला, म्हणजे थोडा कोन करून वळता येते. त्यामागे दोन एक्स्टेंशन दांड्या. दोन फुटांची ती काठी चाकाच्या दांड्याशेजारून वर सरकवत त्यांनी बोल्टपर्यंत नेली. रॅचेट राहिला गाडीखालच्या मोकळ्या जागेत, जिथे हात पुरेसा फिरतो.

एकच अडचण होती. सॉकेट बोल्टच्या डोक्यावर नीट बसवायला वरून कोणाची तरी बोटे हवी होती. ती माझी. चार बोटे आत घालून मी सॉकेट चाचपत डोक्यावर बसवला. "बसला," मी म्हणालो. त्यांनी खालून ताण दिला. सॉकेट किंचित कलला असे मला वाटले, म्हणून मी तो पुन्हा धरायला गेलो.

"बाबा, हात काढा!" खालून मोठ्याने आवाज आला.

मी हात झटकन मागे घेतला. पुढच्याच क्षणी 'कट्' असा कोरडा आवाज होऊन बोल्ट सुटला. ताण असताना सॉकेट निसटला असता तर माझी उरलेली दोन बोटेही सोलली असती. आपण काय हाक मारली हे त्यांच्या लक्षात आले नसावे. माझ्या आले. मी काही बोललो नाही.

स्टार्टरचे कार्बन ब्रश झिजले होते. ते बदलून दुपारी मोटर परत आली. येताना जावयांनी तेवढ्याच मापाचा नवा बोल्टही आणला. त्याच्या डोक्यावर ८.८ हा पोलादाच्या मजबुतीचा अंक होता. जुन्याचे कोपरे गेलेत, तो परत लावायला नको, एवढेच ते म्हणाले. बोल्ट सॉकेटमधून गळू नये म्हणून कागदाचा तुकडा हवा होता. मी खिशातल्या पैसे भरण्याच्या जुन्या पावतीचा कोपरा फाडून दिला. "आता तुम्ही लावा," असे म्हणून त्यांनी मला खाली आडवे व्हायला सांगितले. "आधी रॅचेट नको. नुसत्या बोटांनी दांडी फिरवा. तीन-चार आटे सहज गेले पाहिजेत. अडला तर जोर करायचा नाही, मागं घ्यायचा. तिरका गेला तर भोकातले आटे जातात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं."

मी बोटांनी दांडी फिरवू लागलो आणि एकाएकी थबकलो. खालून, डोक्याच्या बाजूने पाहताना ही आवळण्याची दिशा होती. बोल्टचे डोके वरून वाकणाऱ्याच्या पलीकडे तोंड करून होते; म्हणजे वरून पाहताना सैल करण्याची दिशा नेमकी उलटी. शुक्रवारी मी नळी लावून, सारे वजन टाकून, तो बोल्ट आवळत होतो! सकाळी मी हाताने दिशा दाखवली तेव्हाच जावयांना हे कळले होते. नवा बोल्ट आणला तोही त्यामुळेच. इतका ताणलेला बोल्ट पुन्हा वापरणे शहाणपणाचे नव्हते. पण ते म्हणाले होते, 'गंजलाय फार.' सौ. आणि कन्या शेजारीच उभ्या होत्या, म्हणून.

मी त्यांची उणीव त्यांच्या वडिलांसमोर बोलून दाखवली होती. त्यांनी माझी चूक माझ्या घरच्यांसमोर झाकली.

टॉर्क रेंचने बोल्ट ठरलेल्या मापापर्यंत आवळला. तार जोडली. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले. नळावर हात धुताना आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "काल मी उलटा फिरवत होतो ना?" ते नुसते हसले. मग मी म्हणालो, "सात वर्षांपूर्वीही उलटाच फिरवत होतो. तेव्हाचं ते बोलणं माझ्या मनातून गेलेलं नाही. माझं चुकलं."

त्यांनी साबण माझ्या हातात दिला. थोडा वेळ पाण्याचाच आवाज होता. मग ते म्हणाले, "त्या बोटांना आधी हळद लावून घ्या, बाबा. सोमवारी गाडी चालवायची आहे."