दंडावरील वण

माण येथील आमच्या आजीच्या दंडावर देवी काढल्याचा वण आहे. तो पाहून आम्हांस वाटे, कीं रोग तेथें लस असावयाचीच. परंतु एचआयव्हीचा विषाणु मोठा बहुरूपी! तो वरचेवर रूप पालटतो, आणि आपल्या रक्षणार्थ धांवणाऱ्या पेशींतच बिऱ्हाड करितो. मग शरीरानें ओळखावें कोणास? इ. स. २००५ च्या फेब्रुवारींत येथून जवळच, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेंत, अशा लशीची चाचणी सुरू झाली. ३० निरोगी स्त्रीपुरुषांनीं आपण होऊन दंड पुढें केले. लस निर्धोक ठरली, पण प्रतिकारशक्ति जेमतेमच उत्पन्न झाली. यशस्वी लस अद्यापि नाहीं. हें सारें आम्हीं आजीस सांगितलें. लशीविषयीं तिनें कांहींच विचारलें नाहीं. वणावरून हात फिरवीत म्हणाली, "ती लेकरं बरी आहेत ना रे?"