चार पुटांचा पलंग

मालवणच्या घरातला आमचा पलंग फणसाचा. आजोबांच्या लग्नात आला, असं आजी सांगायची. फणसाचं लाकूड नवं असताना पिवळंधमक असतं आणि वर्षं जातात तसं तांबूस होत जातं. पण ते मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या आठवणीतला पलंग हिरवा. होडी रंगवून उरलेला ऑइल पेंट बाबांनी त्याला फासला होता. "खारो वारो लाकडाक खाता, रंग व्हयोच," हा त्यांचा खाक्या. आत्याच्या लग्नाला पाहुणे यायचे म्हणून हिरव्यावर आकाशी चढला. पुढे मी मुंबईत कमावता झालो आणि गणपतीला येऊन त्यावर पांढरा मारून घेतला. तेव्हा पांढऱ्याची चलती होती.

निवृत्त होऊन गावी आल्यावर पलंग खरवडायला काढला. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटचा भरवसा नाही. म्हणून कोरडं घासणं टाळलं. तोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क; हातात ओला पॉलिश पेपर; आणि नातवाला पडवीत यायला बंदी.

खुरांवर हिरव्याखाली तांबड्या, पिवळ्या, काळ्या लाखेची वळी निघाली. म्हणजे खूर सावंतवाडीचे! तिथल्या चितार आळीतली लाकडी फळं-खेळणी सगळ्यांना ठाऊक, पण पलंगाचे खूर आणि पाळणेही लाखकामात होत. हे काम कुंचल्याचं नाही. खूर यंत्रावर गरगर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणायची. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे खुरांना रंग काढायचं कुठलंही रसायन लावायची सोय नाही. पात्यानं, नखानं, सावकाश.

पुतण्या म्हणतो, "काका, नुसतं लाकूड ठेवा. होमस्टेवाल्यांना तेच आवडतं." आवडत असेल. पण या हवेत उघडं लाकूड कुणी ठेवलंय? वाशांना काजूच्या टरफलांचं काळं तेल लावत, वाळवी फिरकत नाही. हाताची कातडी मात्र सोलवटते. ज्यावर झोपायचं त्याला अर्थात ते नाही. बाबांचा होडीचा हिरवा रंग मला आता गावंढळ वाटत नाही. चाळीसेक पावसाळे लाकूड त्यानंच तर सांभाळलं.

बाकीच्या पलंगाला चपड्याचं पॉलिश करणार आहे. चपडा म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. दमट हवेत लावली तर पांढुरकी पडते, म्हणून दिवाळी ते शिमगा एवढाच काळ हाताशी.

एका खुराची लाख भिंतीच्या ओलीनं आधीच उडाली होती. सावंतवाडीचे कारागीर म्हणाले, "चारही नव्यानं करूया, रंग जुळतील." मी एकच दिला. तो झगझगीत दिसणार, आणि ओलीपासून लांब ठेवायचा म्हणून बसणारही दाराकडच्या कोपऱ्यात, आल्यागेल्याच्या नजरेसमोर. पुतण्यानं आत्ताच कपाळाला हात लावलाय.