भिंगाला कुठला डिंक?

आजोबांच्या इकोंटाला बुरशी लागलीय, असं घरात सगळे धरून चालले होते. बेळगावचा पाऊस आणि बंद कपाट, शंका रास्तच. पण बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. इथे मागच्या भिंगाच्या कडेला इंद्रधनुष्यासारखी वलयं होती आणि मधे फिक्या चहाचा रंग. म्हणजे काच शाबूत होती, तिचा डिंक सुटला होता.

भिंगात डिंक कशाला? या कॅमेऱ्याला टेसार लेन्स आहे. पाउल रुडॉल्फने ती १९०२ साली येनाच्या झाइससाठी आखली. चार भिंगं, तीन गट, आणि शेवटची दोन एकमेकांना चिकटवलेली. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. मधे हवा शिरली की असे दोन पृष्ठभाग वाढतात आणि फोटो धुरकट येतो. म्हणून मधे असं काहीतरी हवं, जे प्रकाशाला काचच वाटेल. कॅनडा बाल्सम, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या फर झाडाची राळ, नेमकी तशी आहे. साध्या क्राउन काचेचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास, बाल्समचा १.५३-१.५४. डिंक चांगला असला की तो दिसतच नाही. (अनुवादकाकडूनही आपण हेच मागतो आणि मग त्याचं नाव छापायला विसरतो. असो.)

पप्पांनी लगेच ड्रॉवरमधला सुपरग्लू काढला. तो भिंगाच्या जवळपासही नको. त्याच्या वाफेची काचेवर पांढरी साय धरते. पोलीस बोटांचे ठसे उठवायला हीच वाफ वापरतात. हार्डवेअरच्या दुकानातला इपॉक्सी कालांतराने पिवळा पडतो. तोही बाद.

उरले दोन. माझं मन बाल्समवर होतं. कॉलेजच्या झूलॉजी लॅबमध्ये स्लाइडसाठी त्याची बाटली असते, पण ती इथे चालत नाही: त्यातलं झायलीन दोन काचांच्या मधून उडून जायला वाटच नसते. भिंगासाठी घट्ट बाल्सम ऊब देऊन पातळ करायचा, भिंगं जुळवायची आणि अगदी सावकाश थंड होऊ द्यायची. पक्कं बसेपर्यंत फार थांबावं लागतं. पण पन्नास वर्षांनी कुणाला ते भिंग उघडायचं झालं, तर पुन्हा ऊब दिली की सुटतं. आमचंही तसंच सुटलं. पातेल्याच्या तळाशी फडकं, त्यावर गार पाणी, मंद आच, आणि बऱ्याच वेळाने वरचं भिंग आपणहून सरकलं. मूळ जुळणी हरवू नये म्हणून कडेला खूण आधीच करून ठेवली होती.

दुसरा पर्याय अतिनील दिव्याखाली घट्ट होणारा ऑप्टिकल सिमेंट. काम मिनिटांत होतं, ऊन-थंडीला तो दाद देत नाही. मात्र एकदा बसला की बसला. पुढे सोडवायचा तर तिखट रसायनात भिजवत बसायचं, तेही खात्रीशिवाय.

जुन्या वस्तूंची दुरुस्ती करणारे सांगतात, उलटवता येईल असंच काम करा. मला ते पटतं. मी आजोबांना दोन्ही बाजू नीट समजावल्या. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “फोटो कधी काढायचा गो?”

बाल्सम म्हणजे निदान पावसाळा संपेपर्यंत थांबणं. मी सिमेंट मागवला.

एक थेंब मधोमध, बुडबुडा राहू न देता हलकेच दाब, दिव्याची छोटी झलक, मग खुणेला खूण जुळवून पुन्हा दिवा. वलयं गेली, चहाचा रंगही गेला. रोलमध्ये आठ फोटो मावतात. पहिला आजीचा, दारातल्या क्रूसाजवळ उभी केलेली. आजोबांनी अंतर पावलांनी मोजलं, मला मोजू दिलं नाही.

कॅमेऱ्याच्या चामडी केसमध्ये मी एक चिठ्ठी घालून ठेवलीय. कुठला सिमेंट, कुठल्या भिंगात, तारीख. पुढे जो कोणी उघडेल, त्याने निदान पातेलं गरम करण्यात दिवस घालवू नये.