आधी स्क्रू बघा, मग लेकराला बोला

गेल्या महिन्यात भाची म्हणली, "मामा, मी रायफल सोडायलेय."

का, म्हणून विचारलं तर आधी बोलंना. मग हळूच म्हणली, "माझं ध्यानच नसतं म्हणतेत सगळे. छर्रे कुठंबी जायलेत."

पोरगी अकरावीला. मुरुडहून लातूरला क्लासला जाते आणि रविवारी तिथंच एका ठिकाणी एअर रायफलचा सराव करते. सुरुवातीचे दोन महिने बरे गेले. नंतर सलग तीन रविवार कागदाची नुसती चाळण. शिकवणारे म्हणाले, श्वास चुकतोय. ताई म्हणाली, मोबाईल कमी कर. दाजी म्हणाले, नाहीतरी नीटचं वर्ष आलंय, बंद कर ते. लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात हे वाक्य ऐकायला फार वाट बघावी लागत नाही.

मी सतरा वर्षं फौजेत काढली. फार मोठा नेमबाज नव्हतो. पण फायरिंगला एक बघितलंय. गोळी चुकली की उस्ताद आधी शिव्या घालायचा, आणि मग रायफल स्वतःच्या हातात घेऊन बघायचा. भाचीच्या बाबतीत पहिलं काम झालं होतं, दुसरं राहिलं होतं.

पुढच्या रविवारी तिच्यासोबत एसटीत बसलो.

तिथं दहा मीटरची रेंज. रायफल स्प्रिंगची, नळी मोडून छर्रा भरायची, वर साधी दुर्बीण म्हणजे स्कोप बसवलेला. खऱ्या स्पर्धेत एअर रायफलला दुर्बीण चालत नाही, बारीक छिद्रातून बघायची पीप साइट असते. पण नवीन लेकरांना तिथं स्कोपवरच बसवतात.

मी मागं उभा राहून बघितलं. दर छर्‍यानंतर पोरगी स्कोपचा नॉब फिरवायची.

"हे काय करायलीस?"

"डावीकडं गेला म्हणून दोन क्लिक उजवीकडं."

पुढचा वर गेला. मग दोन क्लिक खाली. त्याच्या पुढचा परत डावीकडं.

म्हणलं, "आता नॉबला हात लावायचा नाही. एकाच जागी नेम धर आणि पाच मार."

सगळं इथंच कळतं. पाचही छर्रे एका जागी गोळा झाले, पण मधोमध नसले, तर नेम धरणारा बरोबर आहे, साइट चुकलीय. तिथं नॉब फिरवायचा. पाच छर्रे पाच दिशांना गेले तर नॉब फिरवून काहीच होणार नाही. एकतर हात हलतोय, नाहीतर रायफलीत काहीतरी ढिलं आहे.

तिचे पाच तळहाताएवढ्या जागेत पसरले.

आता हात की रायफल? वाळूची पिशवी मागवली, रायफल तिच्यावर टेकवली आणि पाच मी मारले. माझेही तळहाताएवढेच पसरले. पोरीनं कागद बघितला, मग माझ्याकडं बघितलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

मग स्कोप चिमटीत धरून हलवला. मागचा माउंट कटकन हलला.

मोठी रायफल फक्त मागं धक्का देते. स्प्रिंगची एअर रायफल दोन धक्के देते. आधी मागं, आणि आतला पिस्टन जाऊन आदळला की पुढं. या हिसक्यानं स्कोप दर छर्‍याला केसभर सरकतो. खालच्या पट्टीवर ताजा चकचकीत ओरखडा पडला होता. हजार छर्रे मारले असतील, पण ते स्क्रू कुणी तपासले नव्हते. एल-की मागितली तर तिथं नव्हती. बाहेरच्या मोटारसायकल गॅरेजवाल्यानं दिली.

स्क्रू आवळतानाही एकच गच्च करून मग दुसरा, असं करायचं नाही. थोडा हा, थोडा तो, असं फिरत फिरत आवळायचं, नाहीतर स्कोपची नळी दबते. लाकडी दस्त्याचे स्क्रूही बघितले. त्यातलाही एक अर्धा आटा ढिला होता.

परत पिशवीवरून पाच. रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतके जवळ, पण सगळे खाली. पट्टी लावली, २२ मिलिमीटर.

आता नॉबची पाळी. तिच्या स्कोपवर एक क्लिक म्हणजे पाव मिनिट असं लिहिलं होतं. हे मिनिट घड्याळातलं नाही, कोनाचं. एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातला एक. पाव मिनिट म्हणजे १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर. मग दहा मीटरवर त्याचा दहावा भाग, ०.७ मिलिमीटर. २२ मिलिमीटर वर आणायला तीस क्लिक लागतात. पोरगी दोन क्लिक फिरवून फरक पडायची वाट बघत होती! दोन क्लिकनं दीड मिलिमीटरही हलत नाही आणि छर्राच साडेचार मिलिमीटरचा. हा हिशोब तिनं टार्गेटच्या मागं स्वतः मांडला. फिजिक्सवाली पोरगी आहे, कुणी सांगितलंच नव्हतं एवढंच.

नॉबवर बाण असतो. तो छर्रा कुठं न्यायचाय ते सांगतो. खाली लागतोय तर 'वर'कडं फिरवायचा. नॉब फिरायचा थांबला तर जोर करायचा नाही, माउंट वाकडा बसलाय का ते बघायचं. आणि गाल दर वेळी दस्त्याच्या त्याच जागी टेकवायचा. साध्या स्कोपचं भिंग लांबच्या अंतरासाठी लावलेलं असतं, दहा मीटरवर डोळा जरा सरकला की क्रॉससुद्धा सरकलेला दिसतो.

संध्याकाळी परत येताना ती खिडकीत बसून काहीच बोलली नाही. मुरुड आल्यावर म्हणली, "मामा, मी तीन आठवडे स्वतःलाच शिव्या द्यायले होते."

ते वाक्य डोक्यातून जाईना म्हणून हे लिहितोय.

मनू भाकरचं आठवा. २०२१ मध्ये टोकियोला ऐन फेरीत तिचं पिस्तूल बिघडलं. दुरुस्तीत बराच वेळ गेला आणि फायनल थोडक्यात हुकली. आपल्याकडं लोक काय काय बोलले! तीच पोरगी २०२४ ला पॅरिसहून दोन ब्राँझ घेऊन आली. त्याच पॅरिसमध्ये १ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ घेतलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खेड्यातलं पोर तिथवर जातं, हे आता सांगायची गरज नाही. पण स्वप्निल क्रीडा प्रबोधिनीत घडला. तिथं शिकवणारं माणूस होतं, रेंज होती. आपल्याकडं कुणी हौसेनं रायफल आणतो, कागद टांगतो आणि लेकरांना सांगतो, मन लाव.

दहा मीटरच्या खऱ्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. तिथं ढिल्या स्क्रूसमोर मन लावून काय होणार?

मी सरकारकडं मोठी रेंज मागत नाही. ती मिळेल तेव्हा मिळेल. जिथं लेकरं रायफल चालवतात तिथं एवढंच ठेवा: एल-कीचा एक सेट, वाळूच्या दोन पिशव्या, एक वही. वहीत कुठल्या रायफलचे स्क्रू कधी तपासले ते लिहा. हजार रुपयांच्या आत काम होतं.

आणि आपल्या भागातल्या निवृत्त फौजी भावांना विनंती. मुरुड परिसरात आपण कमी नाहीत. महिन्यातला एक रविवार द्या. जे आपल्याला फुकट शिकवलं गेलं ते या लेकरांना सांगा. यायची तयारी असेल तर मला मेसेज करा, मी एकटाच जायलोय सध्या.

भाचीचं विचाराल तर ती अजून कुठली चॅम्पियन झालेली नाही. रविवारी जाते. कंपासपेटीत करकटकाशेजारी एल-की ठेवलीय. ताई अजून म्हणते, मोबाईल कमी कर. ते मात्र ताईचं बरोबर आहे.