जरा जवळ सरका

लग्नाचे फोटो हल्ली दोन तऱ्हांनी निघतात: माणसे मांडून, नाही तर त्यांच्या नकळत. तरुण मंडळींचा ओढा नकळत टिपलेल्यांकडे, आणि तो मला पटतो. अंतरपाट दूर होताना वधूच्या डोळ्यांत जे उमटते, ते सांगून उमटत नाही. "हार पुन्हा घाला" म्हणणारा फोटोग्राफर तर मला भटजींहूनही हुकमी वाटतो!

आमच्या घरचा जुना अल्बम मात्र मला गप्प करतो. त्या काळी १२० च्या रोलवर चौकोनी फोटो निघत अवघे १२. उधळपट्टी कुणाला परवडणार? खुर्च्यांवर वडीलधारी, मागे उभी मंडळी, पुढे सतरंजीवर मुले. आईवडिलांच्या लग्नातल्या अशाच एका फोटोत माझे दोन काका खांद्याला खांदा लावून उभे आहेत. शेताच्या बांधावरून त्यांचे बोलणे बंद होते. "जरा जवळ सरका," असे फोटोग्राफर म्हणाला, म्हणून सरकले. नकळत टिपले असते, तर एक मांडवाच्या दाराशी दिसले असते, दुसरे पंगतीत. दोघांचा एकत्र असा दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

तुळशीच्या लग्नानंतर माझ्या भाचीचे लग्न आहे. तिला म्हटले, "सगळे तुझ्या मनासारखे काढून घे. एक फोटो तेवढा मांडून. थोरल्या मामाशेजारी मला उभे कर."

तिने काही विचारले नाही. यादीत तेवढे लिहून घेतले.