घरचा वॉर्ड

न्यूमोनियातून अण्णा सावरू लागले, तसं डॉक्टरांनीच घरी न्यायला सुचवलं. अँटिबायोटिक अजून शिरेतूनच जाणार होतं, थोडा ऑक्सिजनही लागणार होता. पण रुग्णालयात त्यांच्या रात्री वाईट जात होत्या. दिवेलागणीनंतर ते आम्हाला ओळखत नसत, सलाईनची सुई उपटू पाहत. रात्रंदिवस जळणारे दिवे, मॉनिटरचा आवाज, सारखे येणारे अनोळखी हात; या वयात अशाने भ्रम होतो आणि आपल्या माणसांत तो बऱ्याचदा ओसरतो, असं डॉक्टर म्हणाले. तसंच झालं. घरी आल्यावर अण्णा शांत झोपू लागले. एका सकाळी त्यांनी पेपर मागितला आणि मेतकूट-भात बघून नाक मुरडलं, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

मधल्या खोलीत भाड्याची खाट आली, एअर बेड आला, कॉन्सन्ट्रेटर आला. वीज गेली की तो बंद पडणार, म्हणून कोपऱ्यात भरलेलं सिलिंडर. ऑक्सिजन सुरू असताना जवळपास निरांजन नाही, उदबत्तीसुद्धा नाही. आईला ते फार जड गेलं. सिस्टर सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन देऊन जात. डॉक्टर फोनवर असत.

आणि उरलेला सगळा दिवस, सगळी रात्र? ती वहिनीची. एअर बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. पाणी किती प्यायले, लघवी किती झाली, ऑक्सिमीटरचा आकडा काय, सगळं वहीत. रात्री श्वासाची लय बदलली तर डॉक्टरांना उठवायचं की थांबायचं, हा निर्णयही तिचाच. रजा तिने टाकली, दादाने नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं. आपल्याकडे असल्या गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत.

रुग्णालयातले उपचार घरीच करण्याची कल्पना तशी जुनी. न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयाने १९४७ मध्ये रुग्णांवर त्यांच्या घरी उपचार करायला सुरुवात केली होती. कोविडच्या लाटेत, नोव्हेंबर २०२० मध्ये, अमेरिकेच्या मेडिकेअरने अशा उपचारांना रुग्णालयाइतकेच पैसे देण्याची योजना आणली. आपल्या मेडिक्लेममध्येही घरच्या उपचारांचं कलम असतं, पण साधारणपणे रुग्णाला हलवणं शक्य नसेल किंवा रुग्णालयात खाट मिळत नसेल तरच ते लागू होतं. घरी तो लवकर बरा होईल, एवढं कारण सहसा पुरत नाही.

मला विचाराल तर अण्णांना घरी आणलं हे उत्तमच झालं. मात्र घरी स्वस्तात पडतं, असं कुणी म्हणालं की मी आता विचारतो, कुणाला? खाटेचं भाडं, सिस्टरची फी, सिलिंडर, सगळ्याच्या पावत्या आमच्या फायलीत आहेत. वहिनीच्या जागरणाची नाही. घरी न्यायचं की नाही हे ठरवताना डॉक्टर रुग्णाला तपासतात, घरात वीज आहे का हेही विचारतात. रात्री कोण जागणार आणि त्याला सुट्टी कोण देणार, हेही त्यांनी तेव्हाच विचारायला हवं.

तुमच्या ओळखीत कुणी असं घरी बरं होत असेल तर भेटायला जरूर जा. शहाळी नेली नाहीत तरी चालेल. दोन तास रुग्णापाशी बसा आणि घरातल्या त्या बाईला दार लावून झोपू द्या.