लसणातली कोलंबी

माझे अब्बा खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरीला होते. वर्षातून एकदा, बोनस हाती आला की, ते आम्हां सर्वांना मुंबईला नेत. आम्ही खालापूरचे. खोपोलीहून लोकल सुटली की कर्जत, नेरळ, बदलापूर अशी स्टेशने मोजत आम्ही भावंडे खिडकीसाठी भांडत असू. राणीची बाग पाहून झाली, कपड्यांची खरेदी झाली, की संध्याकाळी एका चिनी हॉटेलात जायचे, हे ठरलेले असे. ते हॉटेल आता राहिलेले नाही.

तेथे अब्बा एकच पदार्थ मागवत. लसणाच्या लाल रश्शातली कोलंबी, आणि सोबत पांढरा भात. कोंबडीचा प्रश्नच नव्हता. ती हलाल आहे की नाही, हे कोणाला विचारायचे? कोलंबीचे तसे नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. समुद्रातले मासे, कोलंबी सारे आम्हांला चालते. हनफी लोकांत मात्र कोलंबीविषयी दोन मते आहेत.

आम्ही बोटे चाटून खात असू. अम्मी तेवढी समोर सोड्याची बाटली घेऊन बसे. "त्या काळ्या रसात दारू असते," असे ती हळूच म्हणे. वेटर दोनदा विचारायला येई. शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहत. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. मला तिची लाज वाटे. एकदा तर मी म्हणालो, "अम्मी, तू घरीच राहायला हवी होतीस." ती काही बोलली नाही. माझ्या शर्टावर रस्सा सांडला होता, तो तिने पदराने पुसला.

अब्बा गेले त्याला आता सात वर्षे झाली. अम्मीचे गुडघे दुखतात. ती फारशी कोठे जात नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवले, की ती कोलंबी आपण घरी करायची आणि अम्मीला खाऊ घालायची. बी.एड. करताना मी खोलीवर हातानेच स्वयंपाक करत असे, त्यामुळे चुलीची भीती नव्हती.

पहिली अडचण त्या काळ्या रसाची. सोया सॉस सोयाबीन, गहू आणि मीठ आंबवून करतात. पण अम्मीची शंका अगदीच खोटी नव्हती. चीनमध्ये मासे शिजवताना तांदळाची दारू घालण्याची रीत आहे. मी सॉसची बाटली घेऊन मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून लेबलावरचे एक-एक अक्षर वाचले. मग म्हणाले, "मास्तर, यात हरकत घेण्यासारखे काही दिसत नाही. आणि आंबटपणासाठी सिरका घाला, म्हणजे झाले." अम्मीने हे सारे दोनदा ऐकून घेतले आणि मगच बाटली स्वयंपाकघरात येऊ दिली.

खरे तर आपण हॉटेलात ज्याला चिनी म्हणतो ते बरेचसे इथलेच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस काही चिनी माणसे कोलकात्याला येऊन राहिली. त्यांच्या वंशजांनी आपल्या स्वयंपाकात आपली हिरवी मिरची, आले आणि भरपूर लसूण घेतला. कोलकात्यातच जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिले चिकन मंचुरियन केले, असे सांगतात. चीनमधल्या माणसाला ते बहुधा ओळखूही येणार नाही.

आमच्या तालुक्याला समुद्र नाही. खोपोलीच्या बाजारात कोळणींकडून मी अर्धा किलो कोलंबी आणली. सोलली, पाठीतला काळा दोरा काढला, मीठ, मिरपूड आणि थोडे कॉर्नफ्लोअर लावले. मग सगळी एकदम कढईत टाकली. तिला इतके पाणी सुटले की ती तळली जाण्याऐवजी उकडली. दुसऱ्या वेळी पाणी आटेपर्यंत थांबलो, तर रबरासारखी झाली. अम्मी दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "आच कमी पडते तुझी."

तिचे बरोबर होते. हॉटेलातली भट्टी आपल्या गॅसपेक्षा कितीतरी प्रखर असते. कढई इतकी तापलेली असते की पाणी सुटताच त्याची वाफ होते. तिसऱ्या वेळी अम्मीनेच परसातली जुनी चूल पेटवायला लावली. लोखंडी कढई ठेवली. तेलातून धूर निघू लागल्यावर मी सात-आठच कोलंब्या टाकल्या. करड्या कोलंबीचा रंग पाहता पाहता लाल झाला. (हा लाल रंग तिच्यात आधीपासूनच असतो, प्रथिनांच्या पकडीत लपलेला. उष्णतेने ती पकड सुटते.) दोन मिनिटांत त्या काढून दुसऱ्या टाकल्या. मग त्याच कढईत बारीक चिरलेला लसूण, सिरक्यात वाटलेली सुकी लाल मिरची, दोन चमचे सोया सॉस, चिमूटभर साखर. शेवटी पाण्यात कालवलेले कॉर्नफ्लोअर आणि कांद्याची पात. वास आला आणि मी थेट त्या टेबलाशी जाऊन पोहोचलो.

दस्तरखान मांडला. अम्मीने बिस्मिल्ला म्हणून एक कोलंबी तोंडात घातली. मी तिच्याकडे पाहत होतो. त्या दिवशीचे शब्द परत घ्यावेत, असे फार वाटत होते. पण ते कसे बोलावे, हे कळत नव्हते.

"मीठ जरा जास्त झाले," ती म्हणाली. "हेच खायचात तुम्ही तिथे?"

"हो, हेच."

"तुझे अब्बा तिथे पोटभर जेवत नसत."

"काहीतरीच! आमच्याबरोबर तर जेवत."

"शेवटच्या गाडीने येताना तुम्ही मुले झोपून जायचात. घरी आले की मी भाकरी टाकायची. मग ते माझ्याबरोबर पुन्हा जेवायला बसायचे."

एवढे बोलून तिने भाताचा घास कालवला आणि थाळी माझ्यापुढे सरकवली.

"उरली असेल तर वाढ आणखी," ती म्हणाली.